एक तुकडा कमी

गोरक्षकाकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर कागदात गुंडाळलेला खोबऱ्याचा तुकडा बाहेर आला, करवंटीसकट. तेव्हा विमानतळाच्या रॅम्पवरची, विमानं उभी राहतात तिथली, सगळी माणसं रांगेत, खाली माना घालून, तोच तुकडा सिमेंटवर शोधत होती. आणि त्याच तुकड्यापायी अंजलीने थांबवलेलं दुपारचं विमान पिवळ्या रेषेवर, आपल्या जागेच्या अलीकडेच, इंजिनं बंद करून ताटकळत उभं होतं. आतली माणसं खिडक्यांना नाकं लावून बाहेर बघत होती. आधी कोणीतरी एक जण हसला, मग दोघंतिघं, मग सगळी रांगच. हसू आवरायचं कारणही नव्हतं. हरवलेली म्हैस गोठ्यातच निघावी तसा प्रकार. अंजली मात्र हसली नाही. तिने पुढे होऊन काकांच्या हातातून तो तुकडा घेतला, सामानाच्या ट्रॉलीवर जुळवून ठेवलेल्या बाकीच्या करवंटीजवळ नेला आणि मधल्या खिंडारात बसवून पाहिला. बरोबर बसला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला, अगदी लहान पोरीला होतो तसा. "आता आणा विमान," ती म्हणाली. आणि हेच वाक्य सगळ्यांना झोंबलं, असं तिच्याबरोबर काम करणारी हर्षाली नंतर म्हणाली. हसली असतीस तर विषय तिथंच संपला असता.

विषय संपला नाही, कारण त्या विमानात त्यांच्या कंपनीचे मोठे साहेब होते. विमानाला शिडी लावायची, सामान चढवायचं-उतरवायचं, विमान जागेवर आणायचं आणि मागे ढकलायचं, ही कामं त्यांच्या कंपनीकडे. नाशिकचा कारभार कसा चाललाय ते बघायला साहेब नेमके खंडेनवमीला आले आणि नेमके खिडकीशी बसून राहिले. इथले मॅनेजर शेखर सर माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त वरून कोणी आलं की त्यांचा आवाज बदलायचा. त्या बदललेल्या आवाजात ते म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढलास, अंजली." ती म्हणाली, "सर, उंदीरच निघाला ते बरं झालं ना?" त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, चहानंतर सगळे आतल्या खोलीत बसणार आहेत. साहेबही असतील. तू उठायचं आणि दोन शब्द बोलायचे. गैरसमज झाला, चुकलं. गोरक्ष ज्येष्ठ आहे, त्याच्याकडे बघून म्हण. संपलं. उद्या दसरा, गोड करून टाकू." आणि नाही म्हटलं तर, असं तिने विचारलं नाही, तिच्या चेहऱ्यावरच ते दिसलं असावं. "नाहीतर मला तुला रॅम्पवरून काढून आत, सामानाच्या पट्ट्यावर बसवावं लागेल. विमानाला खुणा करायच्या बॅटा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्याव्या लागतील. मला ते करायला लावू नकोस."

चहापर्यंतचा वेळ तिला शेडच्या सावलीत काढायचा होता. बाकीचे कॅन्टीनकडे गेले. ऑक्टोबरचं ऊन सिमेंटवरून उसळत होतं आणि पलीकडच्या कुंपणाची जाळी त्या झळेत हलल्यासारखी दिसत होती. तिची नजर सवयीने खालीच गेली. या कामाने तिची मान कायमची वाकवली होती, असं घरी सगळे चिडवायचे. लग्नाच्या मांडवात नवरानवरी सोडून ती सतरंजीवर पडलेला खिळा बघायची. इंजिन चालू असतं तेव्हा त्याच्या तोंडापुढे वारा नसतो, ओढ असते. त्या ओढीत काय जाईल त्याला धरबंध नाही. सुटा नट, बॅगेच्या चेनचं टोक, त्र्यंबकहून परतणाऱ्या माणसाच्या तुटलेल्या माळेतला रुद्राक्ष, विंचूरकडच्या कांद्याच्या गोणीचा वाऱ्याने आणलेला लाल धागा. सगळ्याला रॅम्पवर एकच नाव, एफओडी, म्हणजे इंजिनाला घातक परकी वस्तू. आतल्या पात्यांना देवाचा रुद्राक्ष आणि खडीतला दगड यांतला फरक कळत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घाबरली होती. मग हळूहळू तिला त्याचा एक विचित्र आधार वाटायला लागला. जगात एक तरी जागा आहे, जिथे वस्तू कोणाची, कुठून आली, तिला कोण हात लावू शकतं, हे कोणी विचारत नाही. फक्त ती पडलेली आहे की उचललेली आहे एवढंच बघतात.

हे तिला शिकवलं ते गोरक्षकाकांनीच, आणि दुखत होतं ते तिथेच. ती नवीन आली तेव्हा इथे बॅटा हातात घेणारी पोरगी नव्हती. काका विंचूरचे, ट्रॅक्टर चालवत मोठे झालेले, विमान ढकलायचा टगही ते शेतातल्या औताइतक्या मायेने चालवायचे. त्यांनी तिला रिकाम्या रॅम्पवर उभं केलं, स्वतः हातगाडी विमानासारखी ढकलत समोरून आले आणि ओरडले, "हात असे लेचेपेचे नको! पायलटला वाटलं पायजे की भिंतच हाय समोर." ती हसत सुटली तर रागावले. मग डबा उघडून अर्धी भाकर तिच्यापुढे केली. तिच्या आडनावावरून ती कोण हे त्यांना कळलं होतंच, नाशिकमध्ये ते कळायला वेळ लागत नाही. पण भाकर पुढे करताना त्यांचा हात अडखळला नव्हता, आणि अशा गोष्टी तिच्या लक्षात राहायच्या. अडखळलेले हात तर राहायचेच, न अडखळलेलेही राहायचे.

आज सकाळी ते झकास तयार होऊन आले होते. कपाळाला गंध, हातात झेंडूच्या माळांची पिशवी. खंडेनवमी म्हणजे अवजारांची पूजा, आणि टग हे अवजार नाही तर काय. पूजा शेडमध्ये, मागच्या भिंतीशी करायची, असं ठरलेलं होतं. पण या वर्षी टग नवा कोरा होता आणि काकांना तो शेडच्या तोंडाशी, उजेडात, सगळ्यांना दिसेल असा उभा करायचा होता. अंजली म्हणाली, "काका, नारळ पिशवीत घालून फोडा ना. तुकडे उडतात." काकांनी माणसांकडे बघून डोळा मारला. "नारळ काय पिशवीत फोडत्यात? लग्न काय पोत्यात लावत्यात का?" सगळे खो खो हसले, तीही हसली. त्यांनी टगच्या लोखंडी हुकावर एका दणक्यात नारळ हाणला. नारळ वाळका होता, फुटला तो उधळल्यासारखा. पाणी टगच्या चाकावर, तुकडे चहूकडे. तिने माळांच्या पाकळ्या झाडल्या, लिंबू उचललं, करवंटीचे तुकडे वेचून ट्रॉलीवर ठेवले आणि सहज चाळा म्हणून ते एकमेकांना जुळवायला लागली. मधे एक खिंडार राहिलं. दोन बोटं जातील एवढं. ती शेडच्या तोंडाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "एक तुकडा कमी आहे. कोणी उचललाय का?" माणसं खोबरं-साखर चघळत होती. हर्षाली म्हणाली, "असेल गं इथंच." तेवढ्यात रेडिओवर आलं, विमान उतरलं.

त्या पुढच्या थोड्या वेळातलं तिला आता नीटसं काही आठवत नव्हतं, फक्त अंग आठवत होतं. ती टगखाली वाकली, शिडीच्या चाकांमागे बघितलं, चरात हात घातला. तोंडाला कोरड पडली होती आणि जिभेवर साखरेची चव होती, तीच साखर. विमान वळणावरून तिच्याकडे नाक करून यायला लागलं. एवढं मोठं धूड, पण तिच्या दोन हातांवर विश्वासून येणारं. लहानपणी भाऊ संघर्ष डोळे मिटून तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा, तिने कुठेही नेलं तरी. गंमत म्हणून एकदा त्याला खांबावर नेऊन आदळलं होतं तिने. आता समोरून तसाच डोळे मिटलेला विश्वास येत होता. तुकडा असेल. नसेल. असेलच असं नाही. पण नाही असंही नाही. कानावरच्या झाकणातूनही इंजिनाचा आवाज छातीत शिरत होता. कोणालाही न विचारता, कोणाकडेही न बघता, तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले आणि बॅटांची फुली झाली. विमान थांबलं. नाक किंचित खाली दबलं आणि वर आलं, एखाद्या बैलाने कासरा ओढल्यावर मान हलवावी तसं. भिंत, तिच्या मनात आलं. मी भिंत झाले.

आणि मग ते खोबरं खिशातून निघालं. पण निघालं त्याचं तिला काही नव्हतं. त्यानंतर काका जे बोलले त्याचं होतं. हशा ओसरल्यावर, ती करवंटी कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली तेव्हा, ते फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्यात नारळ नसतो ना, म्हणून तुला त्यो कचरा दिसतो." कोणी हसलं नाही. शिडीवाला झुंबर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, बांधलेलीच नाडी. आता सावलीत बसून तिला कळत होतं की शेखर सरांच्या 'दोन शब्दां'मध्ये हेही मुरलेलं आहे. विमान थांबवल्याबद्दल माफी, असं कोणी म्हणत नव्हतं. गोरक्षकडे बघून म्हण, असं म्हणत होते. हर्षाली मघाशी कानाशी येऊन म्हणून गेली होती, "अंजू, तुझं चूक नाही गं. पण पूजेच्या दिवशी, तूच नेमकी... लोक भलता अर्थ काढतात ना. म्हणून टाक." तूच नेमकी. बाकी कोणी थांबवलं असतं तर ते सावध ठरलं असतं. तिने थांबवलं तर तिला पूजा खुपली असं ठरलं.

फोन वाजला. तिचे वडील. संघर्षने कुठून तरी ऐकलं होतं आणि त्यांना सांगितलं होतं. सातपूरला बातमी विमानाच्या आधी पोचते. वडिलांचं नाव निवृत्ती, आणि ते नावासारखेच होते, नोकरीत असतानाही. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर खंडेनवमीला ते मागच्या रांगेत हात जोडून उभे राहिले, आपल्या लेथला कोणीतरी कुंकू लावताना बघितलं, पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले. पुडा ते फळीवर ठेवायचे, तसबिरींपासून जरा लांब, आणि दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून सगळ्यांना त्रिरश्मीच्या लेण्यांवर घेऊन जायचे. पुड्यातला पहिला पेढा तिला मिळायचा. तिला तो आवडायचा आणि आवडतो याची लाजही वाटायची. लाज कशाची, हे विचारायला त्या घरात जागा नव्हती. "बाळा," वडील म्हणाले, "म्हणून टाक चुकलं. शब्दाला काय वजन असतं? तोंडातून निघाला, हवेत गेला." "पप्पा, तुम्ही किती वेळा म्हणालात?" तिने विचारलं. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "मोजलं नाही कधी," ते म्हणाले. "त्यावरच तर घर उभं राहिलं." तिला त्यांच्यावर राग आला आणि लगेच त्या रागाचाही राग आला. घर खरंच उभं राहिलं होतं. त्यातच ती शिकली होती. "उद्या लवकर निघायचंय," ती म्हणाली, "माझी पांढरी साडी बाहेर काढून ठेवायला सांगा," आणि फोन ठेवला.

म्हणावं का? तिने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. चुकलं. साधा शब्द, भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणतो आपण. उगाच कशाला ताणायचं, उद्या पुन्हा काकांच्या डब्यातली भाकर, पुन्हा हशा, पुन्हा सगळं जिथल्या तिथे. तिने डोळे मिटून तो शब्द पुन्हा म्हटला आणि मिटल्या डोळ्यांपुढे पुढचं विमान आलं. ते वळलं, तिच्याकडे नाक करून यायला लागलं, आणि खाली काहीतरी चमकलं किंवा चमकल्यासारखं वाटलं. आणि हात वर जाण्याआधी तिने मागे वळून बघितलं. शेखर सरांकडे, काकांकडे, मागच्या वेळी हसलेल्या माणसांकडे. तेवढंच. फक्त एकदा वळून बघितलं. ती दचकून डोळे उघडून बसली. तिला एकदम स्वच्छ कळलं की माफी ती काकांची मागणार नव्हती, आपल्याच दोन हातांना मागायला लावणार होती, आणि एकदा वाकलेले हात पुढच्या वेळी विचारून वर जातील. शब्दाला वजन नसतं म्हणे! पप्पांच्या हातांना विचारा. तिला इतका संताप आला की ती उठून उभी राहिली. चहा प्यायला ती गेलीच नाही.

आतल्या खोलीत एसी जोरात होता. मोठे साहेब खुर्चीत मागे रेलून मोबाइल बघत होते. काका खिडकीशी हाताची घडी घालून उभे. शेखर सर म्हणाले, "अंजलीला दोन शब्द बोलायचे आहेत." ती उठली. सगळ्यांनी खाली बघितलं, जणू तुकडा आता या फरशीवर हरवला होता.

"मी चुकले नाही," ती म्हणाली.

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. "एका नारळासाठी एवढी माणसं उन्हात ताटकळली. नारळ खिशात होता. मग चूक कोणाची?"

"नारळासाठी नाही सर. मला माहीत नव्हतं म्हणून. तुकडा खिशात आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलं की थांबवायचं. सापडला म्हणून थांबवणं बरोबर ठरत नाही आणि नाही सापडला म्हणून चूक ठरत नाही." तिचा आवाज थरथरत होता आणि तिने तो थरथरू दिला. मग ती काकांकडे वळली. "काका, मी विचारलं होतं. कोणी उचललाय का, म्हणून मोठ्याने विचारलं होतं. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मग? घरच्या देवापुढं ठेवायला घेतला व्हता. आता प्रसादाची पण झडती द्यायची का? अन् ती पण..." ते थांबले.

"कोणाला?" अंजलीने विचारलं. "बोला ना. कोणाला द्यायची?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. झुंबर या वेळी नाडी बांधायला वाकला नाही. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे बघितलं. शेखर सरांनी कपाळ चोळलं. "अंजली, शेवटचं विचारतो."

"उद्या तुकडा कमी भरला तर उद्याही थांबवीन, सर. परवाही. देवाचा असला तरी, माझ्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण असलं तरी."

"उद्या तू रॅम्पवर नसशील," शेखर सर म्हणाले. ते त्यांना आवडलं नव्हतं हे दिसत होतं, पण म्हणाले. "उद्यापासून आत. पट्ट्यावर."

"उद्यापासून ना?" अंजलीने खुर्चीवरच्या बॅटा उचलल्या. "मग संध्याकाळचं विमान माझं आहे."

तिला कोणी अडवलं नाही. बाहेर ऊन रामशेजच्या डोंगराकडे कललं होतं आणि सिमेंटवर सावल्या लांब पडल्या होत्या. अशा तिरक्या उजेडात खडाही उठून दिसतो. ती जागेच्या एका कडेने निघाली, हळू, मान खाली, मुद्दाम हळू. रडू येत होतं आणि ती ते येऊ देत होती, डोळे पुसल्याशिवाय खालचं दिसणार नाही म्हणून मधूनमधून बाहीने पुसत होती. पट्ट्यावर बसवा नाहीतर घरी बसवा. तिला आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. तिने नव्या टगवरची झेंडूची माळ स्वतः उतरवली, दोरा तुटू न देता, आणि शेडमध्ये खिळ्याला नीट अडकवून आली. माळेवर तिचा राग नव्हता. मागे हर्षाली आणि झुंबर न सांगता दुसऱ्या कडेने चालायला लागले होते, खाली बघत.

काका टगजवळ येऊन उभे राहिले. विमान मागे ढकलायचं काम त्यांचं होतं. त्यांना तिथे उभं राहणं भागच होतं. ती चालत चालत त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली. त्यांनी जबडा आवळला. रेडिओवर आलं, विमान उतरलं. काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि खिसे उलटे करून बाहेर काढले. दोन्ही बाजूंना पांढरं अस्तर लोंबायला लागलं. रागाने केलं की आणखी कशाने, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"घे," ते म्हणाले. "बघ. काय नाय."

विमान वळणावर आलं होतं. अंजलीने खिशांकडे बघितलं, मग वर.

"वरचा राहिला, काका."

काकांनी तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं, आणि वरच्या खिशाचं बटण काढलं.